आठव्या दिवसाची गोळी

रविवारी सकाळी दहा वाजता वहिनीने ती पिवळी गोळी एका बशीत घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि घरातली माणसं आपोआप तिच्याभोवती खुर्च्या ओढून बसली. बैठक कुणी बोलावली नव्हती. पण दादा औषधांचं दुकान नोकरावर टाकून आला होता, आत्या काठी टेकत आपल्या खोलीतून बाहेर आली होती, वहिनीने तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला होता. या घरात तीन माणसं एका वेळी बसली की बैठक व्हायचीच, विषय कुठलाही असो.

आप्पा आतल्या खोलीत उशीला टेकून पेपर वाचत होते. दार उघडं होतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू येतंय हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे कुजबुजत होते.

"आज आठवा दिवस," दादा म्हणाला.

"मला मोजता येतं," आत्या म्हणाली.

दादाने दुकानावरची आजोबांच्या हातची पाटी उतरवून तिथे दिव्यांची पाटी लावली, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून आत्या त्याच्याशी बोलत नव्हती. 'मीठ सरकव' हेसुद्धा वहिनीमार्फत सांगायची. आज ती थेट त्याच्याशी बोलली, आणि दोघंही जरा दचकले.

"पाकिटावर चौदा दिवस लिहिलंय," दादा धीर करून पुढे म्हणाला. "बहिणीच्याच हाताखालच्या डॉक्टरने लिहिलंय."

"मग प्रश्नच मिटला."

"मिटला कसा? आता ती येईल आणि म्हणेल, सात पुरे."

"म्हणू दे. तू आणि मी दोघं आहोत ना."

हे ऐकून वहिनीने चष्मा काढून पुसला. तिने या घरात पंचवीस वर्षं काढली होती. ही युती तिने पाहिली नव्हती.

गेल्या रविवारी आप्पांना अशी हुडहुडी भरली होती की पलंगाचे पाय वाजायला लागले. लघवीच्या वाटेत खडा अडकला होता, मागे जंतू साचले होते आणि ते रक्तात उतरले होते. आप्पांचा अतिदक्षता विभागातला मुक्काम चार दिवसांचा झाला. तो विभाग त्यांच्या मुलीचाच. खडा निघाला, ताप उतरला, गुरुवारी घरी आले. चार दिवस नळीतून औषध आणि तीन दिवस गोळ्या, असे सात दिवस काल भरले. पाकिटात अजून सात गोळ्या होत्या. त्यातली एक आता बशीत होती.

दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोळी केव्हाच पोटात गेली असती. पण या घराच्या मुलीने आपल्या आयुष्याची अकरा वर्षं नेमक्या याच गोळीवर घालवली होती. रक्तात जंतू झालेल्या माणसाला चौदा दिवस औषध द्यायचं, का सातच पुरतात? नऊ रुग्णालयं, अकराशे बावीस रुग्ण. उत्तर गेल्या महिन्यात छापून आलं: काही फरक नाही.

ते छापून आलं त्या दिवशी आत्याने तिला मुद्दाम फोन केला होता. "जाऊ दे पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. एवढी वर्षं राबलीस आणि काहीच फरक निघाला नाही. पुढच्या वेळी निघेल."

"आत्या, फरक नाही हेच तर हवं होतं!"

"हो, हो. असंच म्हणायचं. खचायचं नाही."

दादाला मात्र निकाल नीट कळला होता, आणि म्हणूनच तो त्याला सोसत नव्हता. आजोबा हाताने औषधं कालवून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे. एका खाचेला एक डोस. आप्पांनी एकेचाळीस वर्षं त्याच दुकानात उभं राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट वर करून सांगितलं होतं, "बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा." दादाने ते वाक्य दुकानाच्या पिशव्यांवर छापून घेतलं होतं. पाच हजार पिशव्या अजून माळ्यावर होत्या. तिसऱ्या दिवशी औषध सोडणाऱ्या माणसांशी तो रोज भांडायचा, आणि आता ती माणसं छाती पुढे काढून म्हणायची, "तुमच्याच बहिणीने सांगितलंय ना, निम्म्यात पुरतं म्हणून?"

"निम्म्यात नाही हो, सात दिवसांत. आणि ते तुमच्या घशासाठी नाही," तो सांगायचा. पण तोवर माणूस रस्ता ओलांडून गेलेला असायचा.

"तुम्ही दोघं तिला बोलू तरी द्या," वहिनी म्हणाली. "मी तिचा तो लेख वाचलाय. दोनदा."

"तू गणिताची मास्तरीण. तुला आकडे दिसले की भुरळ पडते," दादा म्हणाला.

"आकडे आहेत म्हणूनच पडते. आणि आत्या, तुम्ही तर या विषयावर बोलूच नये. पाकिटं आठवतात ना?"

आत्याने एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

पाकिटांचं असं झालं होतं. पहिल्या वर्षी या डॉक्टर मुलीकडे माणसं नव्हती, पैसे त्याहून नव्हते, म्हणून अभ्यासाची पहिली सहाशे पाकिटं याच टेबलावर भरली गेली. निम्म्या पाकिटांत 'सात' लिहिलेली चिठ्ठी, निम्म्यांत 'चौदा'. पाकीट चिकटवायचं आणि रुग्णाच्या सातव्या दिवशी उघडायचं, तोवर आत काय आहे ते कुणालाच कळता कामा नये. दोनशे पाकिटं आत्याच्या वाट्याला आली होती. ती दुपारभर मान खाली घालून, अगदी मनापासून काम करत होती. संध्याकाळी वहिनीने नमुन्यादाखल दहा पाकिटं फोडून पाहिली. दहाही चौदा. आणखी वीस फोडली. वीसही चौदा.

"आत्या, सातच्या चिठ्ठ्या कुठायत?"

"त्या मी काढून टाकल्या," आत्या शांतपणे म्हणाली होती. "बिचाऱ्यांचं सातांत काय होणार? मी चौदाच्या नव्या लिहिल्या. अक्षर जुळवून लिहिल्यात, बघ, कळतसुद्धा नाही."

तिला आजही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कुणा परक्या माणसाच्या नशिबाची चिठ्ठी हातात आली आणि ती चांगली करता येत असेल, तर का करू नये? मुलीने डोकं टेबलावर ठेवलं, ते पाच मिनिटं उचललंच नाही. मग हसायला लागली ती थांबेना. दुसऱ्या दिवसापासून पाकिटं भरायचं काम एका परगावच्या छापखान्याला गेलं, आणि आत्याने ते मनात ठेवलं ते ठेवलंच.

दाराची घंटा वाजली.

"आली," दादा म्हणाला. "आत्या, तू सुरुवात कर. तुला ती उलट बोलत नाही."

डॉक्टर जिन्यात उभी होती ती बराच वेळ. घंटा वाजवायच्या आधी तिने मनातल्या मनात स्वतःच्या अभ्यासाची नियमावली पुन्हा एकदा चाळली होती. कोणता रुग्ण अभ्यासात घ्यायचा नाही याची यादी तिनेच लिहिली होती, आणि गेल्या चोवीस तासांत तिने आप्पांना त्या यादीत कुठेतरी बसवायची खूप खटपट केली होती. वय? वयाला वरची मर्यादा तिनेच ठेवली नव्हती, त्यावर समितीशी भांडली होती. मधुमेह? मधुमेही चालतील, असं लिहिलं होतं. खडा? निघाला असल्यास चालेल. दोन दिवस ताप नसावा. आप्पांना तीन दिवस नव्हता. तिने इतकी चोख नियमावली लिहिली होती की तीतून स्वतःच्या बापाला बाहेर काढायला एक फट राहिली नव्हती.

ती आत आली. कुणी काही बोलायच्या आधीच तिला बशी दिसली.

"पोरी, बस," आत्याने सुरुवात केली. "हे बघ, तू मोठी डॉक्टर, आम्ही अडाणी..."

"ताप?" डॉक्टरने विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "सकाळपासून तीनदा मोजला."

"थंडी?"

"नाही."

"जेवले?"

"सूप घेतलं, दोन टोस्ट घेतले. तिसरा मागितला."

डॉक्टर उभीच राहिली. मग गोळीकडे बघत म्हणाली, "बरं. मग आजची घेऊ देत."

दादाने सात मुद्दे काढून ठेवले होते. पहिला पिशव्यांचा होता. आत्याने तर रडायचीसुद्धा तयारी ठेवली होती. समोरचा पहिलवान आखाड्यात उतरायच्या आधीच पाठीवर झोपावा, तसं झालं.

"म्हणजे, चौदा?" दादाने विचारलं.

"चौदा असं नाही. आजच्यापुरती. उद्याचं उद्या बघू."

"पण तू तर..."

"मला माहितीय मी काय ते, दादा. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एक गोळी जास्त गेली तर काही बिघडत नाही."

वहिनीने चष्मा नाकावरून खाली घेतला. "बिघडतं, असं तूच लिहिलंयस. पान चार."

पान चारवर काय होतं, ते लिहायच्या कितीतरी आधीपासून डॉक्टरला माहीत होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या विभागात एक म्हातारे शिक्षक होते. सातव्या दिवशी ठणठणीत झाले, शब्दकोडी सोडवायचे, तिला अडलेला शब्द विचारायचे. पण चौदा भरायचे म्हणून ठेवून घेतले. अकराव्या दिवशी त्या औषधानेच आतड्यातले चांगले जंतू मेले आणि वाईट माजले. एकोणिसाव्या दिवशी ते गेले. तिने तेव्हा तिच्या वरिष्ठांना विचारलं होतं, "सर, पण चौदाच का?" त्यांनी बराच विचार करून सांगितलं होतं, "दोन आठवड्यांचे चौदा दिवस होतात, म्हणून." तिची सगळी कारकीर्द त्या एका उत्तरातून निघाली होती.

"त्याला फोन लावते," ती एकदम म्हणाली. "पाकिटावर चौदा त्याने लिहिलेत, मी नाही."

हाताखालच्या डॉक्टरने पहिल्याच घंटेला फोन उचलला. डॉक्टरने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"चौदा का लिहिलेस?"

"मॅडम..."

"लेखावर तुझं नाव आहे ना? माझ्याखालोखाल?"

"आहे, मॅडम."

"तीन वर्षं तू त्या अभ्यासाचे आकडे भरलेस. मग चौदा का?"

"मॅडम, ते तुमचे वडील आहेत. सात लिहिले असते आणि काही झालं असतं, तर तुम्ही मला... म्हणजे, मला वाटलं तुम्हीच कमी कराल."

"आणि मला वाटलं, तू लिहिलेत म्हणजे काहीतरी कारण असेल."

"कारण काही नाही, मॅडम. भीती."

तिने फोन बंद केला. अभ्यास चालू असताना एकशे चौदा डॉक्टरांनी पाकिटात 'सात' निघूनही औषध चालूच ठेवलं होतं. त्या प्रत्येकाला तिने पत्र पाठवून कारण विचारलं होतं. उत्तरं आली होती: 'रुग्ण वकील आहे.' 'रुग्णाची सून रोज प्रश्न विचारते.' 'शनिवार होता.' एकाने नुसतंच लिहिलं होतं, 'धीर झाला नाही.' त्या माणसाला तिने पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर झापलं होतं.

"मग देऊ ना पाणी?" आत्या पेला घेऊन उठली. तिचं तर फावलंच होतं.

"मला नको," आतून आवाज आला.

आप्पा दारात उभे होते. एका हातात पेपर, दुसरा चौकटीवर. अंगात घरचा ढगळ सदरा. आठवड्यात ते बरेच वाळले होते, पण बोट वर होतं, अगदी दुकानातल्यासारखं.

"आप्पा, तुम्ही उठलात कशाला?"

"गोळी माझी, पोट माझं. बैठकीला मला कुणी बोलावलं नाही, म्हणून आपणच आलो." ते खुर्चीत बसले आणि बशी हाताने लांब सारली. "काल सात भरले. कोर्स पूर्ण झाला."

"आप्पा, चौदाचा कोर्स आहे!" दादा म्हणाला. "तुम्हीच आयुष्यभर..."

"मी आयुष्यभर सांगितलं, कोर्स पूर्ण करा. कोर्स केवढा, ते मी कधी ठरवलं? ते डॉक्टर लिहायचे. आता ही सात म्हणते. सात पूर्ण केले. तुझ्या पिशव्या तशाच चालतील, काळजी करू नकोस."

दादाच्या डोक्यावरचं पाच हजार पिशव्यांचं ओझं एका वाक्यात उतरलं. तो जरा वेगळ्याच आवाजात आत्याला म्हणाला, "तसं बघितलं तर आप्पांचं बरोबर आहे."

"फितूर!" आत्या म्हणाली. "पाटीच्या वेळी केलंस तेच."

"आप्पा, ऐका ना," डॉक्टर त्यांच्यासमोर बसली. "मी सांगतेय ना, घ्या म्हणून. मी डॉक्टर आहे."

"कोण सांगतंय, डॉक्टर का मुलगी?"

"दोघी."

"दोघींचं एकमत आहे?"

तिने बशी पुन्हा त्यांच्यासमोर सरकवली.

"बुधवारी तुझी ती समिती आहे," आप्पा म्हणाले. "देशातल्या सगळ्या रुग्णालयांसाठी नियम लिहिणारी. तू तिथे उभी राहून सांगणार, सात पुरे. कुणीतरी विचारेल, मॅडम, तुमच्या वडिलांना हेच झालं होतं म्हणे, त्यांना किती दिलेत? काय सांगशील? आजच्यापुरती एक, उद्याचं उद्या?"

"कुणी विचारणार नाही."

"तू स्वतःला विचारशील ना? मी ओळखतो तुला. लहानपणी चोरून खाऊ खाल्लास तरी रात्री येऊन सांगायचीस." त्यांनी पेपराची घडी घातली. "त्या अकराशे बावीस जणांतल्या निम्म्यांचं औषध तू सातव्या दिवशी बंद केलंस. ती काय कुणाची आई-बापं नव्हती?"

"होती."

"मग? त्यांच्या मुलांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. दुकानदाराने आपल्या दुकानातला माल स्वतःच्या घरी वापरायला नकार दिला, तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?"

"त्यांना मी ओळखत नव्हते, आप्पा," ती हळूच म्हणाली. "म्हणून जमलं."

हे तिने याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. बहुधा स्वतःलाही नाही. आत्याने हातातला पेला टेबलावर ठेवला. तिला एवढंच कळलं, की पोर आपल्यासारखीच निघाली. चिठ्ठी हातात आली, माणूस आपला, मग चौदा. तिला तिच्याबद्दल फार माया वाटली आणि, का कोण जाणे, जरा वाईटही वाटलं.

"अगं, नसेल घ्यायची त्याला तर राहू दे," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"असं बघू नका. तो लहानपणापासून हट्टी आहे. गोळी घशाखाली ढकलली तर चावेल."

डॉक्टर उठली. आप्पांच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिली. तीस सेकंद पुरतात, तिने पूर्ण मिनिट मोजलं. जिभेकडे पाहिलं, पायांवर सूज आहे का दाबून पाहिलं, छाती ऐकली, मग पुन्हा मनगट. तिने त्यांचा सदरा दोनदा वर केला तेव्हा आप्पा कुडकुडले.

"थंडी वाजतेय?" तिचा आवाज चिरकला.

"वाजेल नाहीतर काय! अर्ध्या तासापासून उघडा केलायस मला."

वहिनीला हसू आलं, मग दादाला. शेवटी डॉक्टरनेही सदरा खाली ओढून नीट केला. तिने बशीतली गोळी उचलली, मोरीत टाकणार तोच दादा ओरडला, "मोरीत नको! तिथल्या जंतूंना सवय लागेल. तूच व्याख्यान दिलं होतंस!" मग तिने ती गोळी आणि पाकिटातल्या उरलेल्या सहा कागदात बांधल्या आणि पर्समध्ये घातल्या. रुग्णालयात नष्ट करायच्या गोष्टींचा वेगळा डबा होता.

"झालं," ती म्हणाली. "आता मी इथेच थांबते. दोन-तीन दिवस. रजा टाकते."

"अजिबात नाही," आप्पा म्हणाले. "त्या लोकांना घरी सोडल्यावर तू प्रत्येकाच्या उशाशी बसलीस?"

"नाही. फोन करायचो. तिसाव्या दिवशी."

"मग मलाही तिसाव्या दिवशी फोन कर. त्याआधी केलास तर तुझा अभ्यास बिघडेल. जा, तुझे तिकडचे पेशंट खोळंबले असतील."

तिला दारापर्यंत पोचवायला सगळे गेले. चपला घालताना तिने दादाला काय काय झालं तर लगेच कळवायचं ते सांगितलं, वहिनीला तेच पुन्हा सांगितलं, आत्याला कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मग एकदाचं दार लागलं. दादा दुकानात जायला निघाला आणि आत्याने त्याला थेट, कुणाच्या मार्फत नाही, सांगितलं की येताना बिस्किटं आण.

आप्पा आपल्या खोलीत परतले आणि पलंगावर बसले. खोलीत कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. हात गरम होता का कपाळ, ते कळेना. एकेचाळीस वर्षं त्यांनी अर्धवट सोडलेल्या औषधांच्या गोष्टी सांगून माणसं घाबरवली होती, आणि त्या सगळ्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. गेल्या रविवारचे पलंगाचे वाजणारे पायही आठवत होते. मुलीवर त्यांचा विश्वास होता, पूर्ण होता. पण तो डोक्यात होता. त्यांनी हळूच दार लोटलं, खणातून थर्मामीटर काढला, जिभेखाली धरला आणि ओठ मिटून घेतले.

उशाशी फोन वाजला.

वाजू द्यावा असं त्यांना वाटलं. पण वहिनी आत येईल आणि बघेल, म्हणून उचलला.

"आप्पा? मी खालीच आहे, गाडीत. छत्री राहिली का वर?"

"ऊं."

"राहिली?"

"ऊं-ऊं."

"आप्पा, तुम्ही नीट बोलत का नाही?" तिचा श्वास वाढलेला ऐकू आला. "काय होतंय? जीभ जड झालीय का? मी येते वर."

"ऊं!" आप्पा घाईघाईने म्हणाले.

मग, अगदी सावकाश, "तोंडात थर्मामीटर आहे का?"

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्याच्या कडेला तिची गाडी उभी होती. अजून चालू केलेली नव्हती.

"ऊं," ते म्हणाले.

"आत्ताच लावला?"

"ऊं."

"बरं," ती म्हणाली. "मी थांबते."

आणि ती गाडीत, ते पलंगावर, फोन कानाला लावून, काही न बोलता, दोघं थर्मामीटर वाजायची वाट बघत राहिले.